नागपुरात ५५०० मीटर : कमी दाबाच्या चाचणी-टाकीच्या नोंदी

काम असं आहे. लडाखमध्ये ४५०० ते ५३०० मीटरवर बसवायची एक सौर पेटी तयार आहे. ३०० × २०० × १५० मिमीची पॉलिकार्बोनेट पेटी, आत चार्ज कंट्रोलर, १५० वॅटचा इन्व्हर्टर, डेटा लॉगर आणि लॉगरपुरती छोटी लिथियम बॅटरी. ती वर पाठवण्याआधी तिथल्या दाबावर इथेच चालवून पाहायची होती. तयार चाचणी-कक्षाचं भाडं परवडणारं नव्हतं, म्हणून टाकीच बनवली.

सोबत ठेवलेले आकडे, प्रमाण वातावरणाप्रमाणे: ३५०० मीटरला ६५८ हेक्टोपास्कल, ४५०० ला ५७७, खारदुंग ला (५३५९ मीटर) ५१५, ५५०० ला ५०५. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, म्हणजे कागदावर ९७७. मे महिन्यात प्रत्यक्ष दाब ९६७ च्या आसपास असतो. बाहेरचा दाब समुद्रसपाटीपेक्षा एवढा कमी आहे हे विसरणं पुढे महागात पडलं. चाचणीचा दाब ५०५ ठरवला.

२८ एप्रिल

पहिला विचार स्टीलच्या मोठ्या डेगीचा होता. तो तासाभरात सोडला. डेगीचा तळ सपाट आणि पातळ असतो, दाब कमी केला की तोच आधी आत येतो. चौकोनी पत्र्याची पेटी तर नकोच. ४० सेंमी बाजूच्या चौरस पत्र्यावर ४६० हेक्टोपास्कलच्या फरकानं सुमारे साडेसातशे किलोचा भार येतो.

इतवारीत भंगारात १२ इंची एमएस (साध्या पोलादाच्या) पाइपचा तुकडा मिळाला. बाहेरचा व्यास ३२४ मिमी, जाडी ६.३५, लांबी ४०० कापून घेतली. वजन वीस किलो, आतलं आकारमान तीस लिटर. पेटी उभी ठेवली तर जेमतेम बसते. तळाला १० मिमीची प्लेट, वर १२ मिमी प्लेटची ४०० मिमी व्यासाची रिंग. सगळी भोकं पाइपच्या अंगाला: चार अर्धा इंची सॉकेट, एक पंपाला, एक हवा आत घ्यायला, दोन वायरींना. झाकणाला भोक पाडायचं नाही हे तेव्हाच ठरायला हवं होतं. ठरलं नाही.

२ मे

वेल्डिंग करून टाकी आली. रिंगवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घातला तर दोन ठिकाणी ०.६ मिमीचं पान आरपार गेलं. जाड रिंग एका बाजूनं सलग वेल्ड केली की ती ओढली जाते. गॅस्केट हा फरक भरून काढेल असं वाटतं, पण तसं होत नाही. हिंगणा एमआयडीसीत लेथवर फेसिंग करून, म्हणजे तोंड सपाट कातून घेतलं. सबंध टाकी चकमध्ये धरायची म्हणजे मोठा लेथ लागतो, एवढ्यासाठी तीन वर्कशॉप फिरावी लागली. रिंगला आधी आठ ठिकाणी टाके मारून मग समोरासमोर थोडं थोडं वेल्ड करायला सांगितलं असतं तर बरंच वाचलं असतं.

४ मे

झाकण: १२ मिमीचं पारदर्शक अॅक्रिलिक. गॅस्केट ५ मिमीच्या सिलिकॉन शीटमधून एकसंध रिंग कापून घेतली. सांधा असलेली पट्टी वापरू नका, ती सांध्यातच गळते.

पहिल्यांदा ५०५ पर्यंत नेलं तेव्हा झाकणाचा मध्य जवळपास चार मिमी आत गेला. वर स्टीलची पट्टी आडवी ठेवली की खालची फट डोळ्यांनी दिसत होती. हिशेब केला: ३२० मिमी व्यासावर पावणेचारशे किलोचा भार. १२ मिमीत ताण १० मेगापास्कलच्या वर जातो, आणि अॅक्रिलिक इतका ताण फार काळ सोसत नाही.

त्यातच दुसरी चूक. बोटांचे डाग पुसायला आयसोप्रोपाइल अल्कोहोल वापरलं. ताणाखालच्या अॅक्रिलिकला अल्कोहोल चालत नाही. दुसऱ्या फेरीत झाकणातल्या गेजच्या भोकाभोवती केसासारख्या रेषा उमटल्या, काचेवर दव बसल्यावर दिसतात तशा. नखाला लागत नव्हत्या, पण टॉर्च तिरका धरला की चमकत होत्या. झाकण बाद.

नवीन झाकण २५ मिमी, बिनभोकाचं. मध्य आता अर्धा मिमीही वाकत नाही. पुसायला साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. काच कोणत्याही जाडीची नको. टाकी चालू असताना तोंड झाकणावर नेऊन आत पाहू नये, बाजूनं पाहावं, डोळ्यांवर गॉगल ठेवून.

६ मे

डायलचा व्हॅक्यूम गेज लावला होता, ० ते ७६० मिमी पाऱ्याचा. तक्त्यातलं गणित सोपं वाटलं: ५५०० मीटरला ३७९ मिमी निरपेक्ष दाब, म्हणजे गेजवर ७६० वजा ३७९, ३८१ दिसले की झालं.

झालं नाही. हा गेज बाहेरच्या हवेशी तुलना करतो, आणि बाहेरची हवा समुद्रसपाटीची नाही, नागपूरची आहे. त्या दिवशी बाहेर ९६७ हेक्टोपास्कल, म्हणजे ७२५ मिमी होते. त्यातून ३८१ गेले की उरतात ३४४ मिमी, म्हणजे ४५९ हेक्टोपास्कल. आम्ही पेटीला ५५०० ऐवजी सुमारे ६२०० मीटरवर नेत होतो. मुंबईत बसून हेच केलं असतं तर चूक लक्षातच आली नसती.

गेज काढला. टाकीच्या आत बीएमपी२८० हा दाबाचा सेन्सर लावला. हा सेन्सर ३०० ते ११०० हेक्टोपास्कल निरपेक्ष दाब मोजतो, तपमानही देतो, आणि दीडदोनशे रुपयांत मिळतो. पडताळणीसाठी विमानतळाचा क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशेबात सांगितलेला हवेचा दाब) घ्यायचा आणि ०.९६४ नं गुणायचं, की ३१० मीटरवरचा दाब मिळतो. आमचा सेन्सर दीड हेक्टोपास्कल जास्त दाखवत होता, तेवढी दुरुस्ती प्रोग्राममध्ये टाकली. तुमची जागा वरच्या मजल्यावर असेल तर दर आठ-नऊ मीटरला एक हेक्टोपास्कल कमी धरा.

८ मे

गळती. पंप बंद करून वॉल्व्ह मिटला की दहा मिनिटांत ५०५ चे ५६० होतात.

बाहेरून साबणाचा फेस लावण्यात अर्थ नाही, टाकी तो आत ओढते आणि बुडबुडा दिसत नाही. वेल्ड तपासायची जुनी पद्धत वापरली: बाहेरून वेल्डवर खडूची भुकटी पाण्यात कालवून फासली, वाळू दिली, आतून रॉकेल लावायचं. रॉकेल मिळालं नाही म्हणून डिझेल. अर्ध्या तासात तळाच्या वेल्डवर दोन पिवळे ठिपके उमटले, एक मोहरीएवढा, दुसरा त्याहून लहान. दोन्ही वेल्डिंग रॉड बदलल्याच्या जागी. ग्राइंडरनं खरवडून पुन्हा टाके मारले. नंतर आतून डिटर्जंटनं दोनदा धुतलं, नाहीतर डिझेलचा थर पेटीतल्या बोर्डावर बसतो.

आता दहा मिनिटांत ५०५ चे ५२८.

११ मे

उरलेली गळती वायरींतून होती. सॉकेटमधून वायरी ओवून बाहेरून एपॉक्सी भरली होती, एपॉक्सी एकदम घट्ट. पण हवा वायरीच्या बाहेरून नाही, आतून येत होती. बारीक तारांच्या जुडग्यात तारांच्या मधून हवेला सरळ वाट असते, वरचं प्लास्टिक म्हणजे तिची नळी. एका वायरीचं बाहेरचं टोक पाण्याच्या वाटीत बुडवलं, तर टाकीतल्या टोकाला थेंब आला.

उपाय: प्रत्येक वायर मधोमध १५ मिमी सोलायची, तारा पसरून त्यात सोल्डर पूर्ण मुरवायचं, सोललेला भाग अर्धा इंची निपलच्या (सॉकेटात बसणाऱ्या पाइपच्या छोट्या तुकड्याच्या) बरोबर मध्ये येईल असं ओवायचं, वायरी एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत, आणि निपल अॅराल्डाइटनं भरायचा. भरताना खालचं तोंड मेणबत्तीच्या मेणानं बंद केलं. साधं अॅराल्डाइट चोवीस तास घेतं, पाच मिनिटांचं वापरू नका. एका निपलमध्ये आठ वायरी बसतात, दोन निपलमध्ये सोळा. इन्व्हर्टरच्या जाड वायरींऐवजी १.५ चौरस मिमीची एकसंध तांब्याची वायर घेतली, तिला आत वाटच नाही.

१३ मे

गळती जवळपास संपली, पण आकडे वेडेवाकडे. दुपारी दाब झपाट्यानं चढतो, पहाटे उलट उतरतो. टाकीतून हवा बाहेर गळणं तर शक्य नाही.

कारण तपमान. बंद टाकीत ५०५ च्या आसपास एक अंश सेल्सिअसला १.६ हेक्टोपास्कल फरक पडतो. सकाळी अकरा ते एक मध्ये शेड पाच अंशांनी तापते, तिथेच आठ गेले. आता गळती मोजताना दाब भागिले केल्विनमधलं तपमान हीच संख्या पाहतो. ती स्थिर असेल तर टाकी धरते आहे. खरी गळती तासाला ३ हेक्टोपास्कलपेक्षा कमी निघाली. याहून मागे लागलो नाही, आपल्याला अर्धं वातावरण हवं आहे, निर्वात पोकळी नव्हे.

१४ मे

पंप एसी मेकॅनिक वापरतात तोच, पाव हॉर्सपॉवरचा तेलाचा रोटरी. उघडा सोडला तर वीस सेकंदांत ५०५ ला पोचवतो. म्हणजे सेकंदाला अडीचशे मीटर चढ, रॉकेटच. कूलर चालू असलेल्या खोलीतली दमट हवा टाकीत होती. ती इतक्या झपाट्यानं फुगली की गार होऊन टाकीत धुकं झालं. टॉर्चच्या झोतात पांढरं लोळताना दिसलं, आणि पाचसात सेकंदांत विरलं. चालू बोर्डावर हे नको.

मिल-एसटीडी-८१० या अमेरिकी लष्करी चाचणी-मानकात दाब बदलण्याची मर्यादा सेकंदाला १० मीटर चढ-उतार एवढी आहे. म्हणजे इथून ५५०० ला साडेआठ मिनिटं. पंपाच्या नळीत नीडल वॉल्व्ह (प्रवाह बारीक कमी-जास्त करता येतो असा) टाकला आणि सव्वा फेरा उघडून हा वेग मिळवला. एक सोय आपोआप झाली: वॉल्व्ह एका जागी ठेवला तर दाब जितका कमी तितका उतार मंद होतो, पण उंचीच्या हिशेबात चढ जवळपास एकसारखा राहतो. दर मिनिटाला हात लावावा लागत नाही. हवा आत घेण्याच्या बाजूलाही तसाच वॉल्व्ह, आणि त्याच्या तोंडाला स्पंजाचा फिल्टर, कारण उन्हाळ्यात शेडमध्ये धूळ किती असते ते सांगायला नको.

१५ मे

दुपारी सव्वातीनला वीज गेली. पंप थांबला, टाकीत ५०५, आणि टाकीनं पंपातून हवा ओढली, तेलासकट. झाकण उघडलं तेव्हा तळाला चमचाभर काळपट तेल आणि पाइपच्या अंगावर शिंतोडे. नशिबानं पेटी आत नव्हती. स्वस्त पंपांत तेल परत येऊ नये म्हणून वॉल्व्ह नसतो. असेल असं गृहीत धरू नका.

तेलाचं दुसरं दुखणं त्याच दिवशी कळलं. ५०५ धरून ठेवायला आम्ही पंप सतत चालू ठेवून हवेचा वॉल्व्ह किंचित उघडा ठेवत होतो. हे पंप खोल व्हॅक्यूमसाठी बनवलेले, अर्ध्या वातावरणावर त्यांच्यातून सतत भरपूर हवा जाते. दोन तासांत एक्झॉस्टमधून तेलाची वाफ, तेलाची पातळी निम्म्यावर, आणि अंगाला हात लावता येईना. पंप सतत चालवायचाच नाही असं ठरलं.

१८ मे

रचना अशी बदलली. ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड दाब वाचतो. ५१५ झाले की पंप सुरू, तीन सेकंदांनी सोलेनॉइड (विजेवर चालणारा) वॉल्व्ह उघडतो, ५०५ ला वॉल्व्ह बंद, मग पंप बंद. गळती कमी असल्यानं पंप तीन-चार तासांतून एकदा अर्धा मिनिट चालतो. गळती न काढता ही रचना लावली असती तर दर दोनचार मिनिटांनी पंप सुरू झाला असता, आणि छोटी सिंगल फेज मोटर असे स्टार्ट सोसत नाही.

आधी वॉटर प्युरिफायरचा २४ व्होल्टचा वॉल्व्ह लावला, कारण तो हाताशी होता. तो पडद्याचा असतो आणि एकाच दिशेनं दाब धरतो. वीज गेल्यावर पंपाच्या बाजूला वातावरण आणि टाकीत ५०५, म्हणजे दाब उलटा. पडदा उचलला गेला आणि टाकी पुन्हा भरली. डायरेक्ट अॅक्टिंग प्रकारचाच घ्या, ज्यात कॉइल थेट वॉल्व्ह उघडते. आणि त्यावरचा बाण टाकीकडून पंपाकडे नव्हे, पंपाकडून टाकीकडे ठेवा. हवा बाणाच्या उलट जाते, तरी चालतं. बंद असताना जास्त दाब पंपाच्या बाजूला असतो आणि तोच दाब वॉल्व्हला जागेवर बसवतो. बर्डीवरच्या दुकानदारानं दोनदा विचारलं, उलटा का लावता म्हणून.

पंप आणि या वॉल्व्हच्या मधल्या नळीत दुसरा वॉल्व्ह, नॉर्मली ओपन, म्हणजे वीज नसताना उघडा. वीज गेली की तो उघडतो, नळीत हवा येते, तेल पंपातच राहतं. मुद्दाम मेन स्विच पाडून दहा वेळा पाहिलं, टाकी कोरडी.

पंप सुरू होताना ईएसपी३२ रीसेट होत होता. रिलेऐवजी कॉन्टॅक्टर, त्याच्या कॉइलवर स्नबर (विजेचा झटका शोषणारा भाग), आणि बोर्डाला वेगळा अॅडाप्टर दिल्यावर थांबलं.

२१ मे

पहिली खरी चाचणी, आणि पहिला खोटा निकाल.

टेबलावर, ३८ अंशांच्या खोलीत, चार्ज कंट्रोलरची हीटसिंक ७१ अंशांवर स्थिरावली होती. टाकीत ५०५ ला दोन तासांनी ९६. पंचवीस अंशांची वाढ! त्याच संध्याकाळी मोठी हीटसिंक मागवायची यादी तयार झाली.

यादी पाठवण्याआधी एक फेरी करायला हवी होती ती दुसऱ्या दिवशी केली: झाकण लावून, पंपाला हातही न लावता, नागपूरच्याच दाबावर दोन तास. हीटसिंक ८६. म्हणजे पंचवीसपैकी पंधरा अंश उंचीचे नव्हतेच, बंद टाकीचे होते. चाळीस वॅट आत जळतात, तीस लिटर हवा, टाकीतली हवा स्वतःच ५४ अंशांवर गेलेली.

म्हणून आता हीटसिंकचं तपमान नाही, तर ती शेजारच्या हवेपेक्षा किती वर आहे ते लिहितो. टाकीतल्या हवेचा सेन्सर पेटीपासून पाच सेंमी लांब, हीटसिंकच्या खालच्या पातळीला, मागे अॅल्युमिनियम फॉइलचा आडोसा. आकडे असे:

टेबलावर: ७१ वजा ३८, वाढ ३३.
टाकीत ९६७ ला: ८६ वजा ५४, वाढ ३२.
टाकीत ५०५ ला: ९६ वजा ५७, वाढ ३९.

पातळ हवेचा खरा हिशेब ३२ चे ३९, सुमारे बावीस टक्के. दाब अर्धा झाला तरी वाढ दुप्पट होत नाही, कारण हीटसिंकची बरीच उष्णता प्रारणानं जाते आणि त्याला हवा लागत नाही. काळी अॅनोडाइज्ड हीटसिंक इथे कामाला येते, चकचकीत अॅल्युमिनियमची वाढ याहून जास्त दिसेल.

तेव्हापासून कोणतीही वस्तू आधी झाकण लावून ९६७ ला, मग ५०५ ला, आणि शेवटी परत ९६७ ला चालते. तिसरी फेरी पहिलीशी जुळली नाही तर मधली मोजत नाही.

२४ मे

पंखा असलेला इन्व्हर्टर, ११० वॅटच्या भारावर. हीटसिंकची वाढ ९६७ ला २१, ५०५ ला ३२. पंख्याच्या भरवशावर असलेल्या वस्तूला उंची जास्त बाधते: पंखा तेवढ्याच घनफळाची हवा फेकतो, पण त्या हवेत वस्तुमान निम्मं. पंख्याचा प्रवाह ०.१५ अँपिअरवरून ०.१० वर उतरला आणि फेरे थोडे वाढले, म्हणजे पंखा बिघडला नव्हता, त्याला हलकं वाटत होतं. प्रवाह कमी झाला म्हणून पंखा बदलायला जाऊ नका.

१५० वॅटला इन्व्हर्टर पन्नास मिनिटांत कटऑफ झाला. तेव्हा टाकीत ५९ अंश होते, लडाखमध्ये सावलीत एवढं कधीच नसतं. नागपूरचा उन्हाळा सोसलेली पेटी उष्णतेच्या बाबतीत तिथे सहसा तगते. तरी थेट उन्हात बंद पेटी किती तापेल याचा भरवसा नाही, म्हणून भार ११० वॅटवर बांधला आणि पेटीवर सावलीचा पत्रा दिला.

२७ मे

पेटी. पाणी-धूळ आत जाऊ नये म्हणून घट्ट गॅस्केट, चार कोपऱ्यांत चार स्क्रू. आतला दाब पाहायला दुसरा बीएमपी२८० पेटीत ठेवला. एका आय२सी तारजोडीवर असे दोनच सेन्सर बसतात, पत्ते (हेक्समध्ये) ७६ आणि ७७, तिसरा हवा असेल तर वेगळी जोडणी करा.

बाहेर दाब उतरत गेला, आत ९६७ च. सातशेच्या सुमारास झाकण मधोमध फुगलेलं स्पष्ट दिसायला लागलं. ६९० ला लांब बाजूचं गॅस्केट मध्येच उचललं गेलं आणि आतली हवा सुसू करत निघाली. पूर्ण फरक टिकला असता तर ३०० × २०० च्या झाकणावर २८० किलोचा भार आला असता.

खरा घोळ उतरताना. बाहेरचा दाब वाढला तसं झाकण गॅस्केटवर दाबलं जाऊन पक्कं बसलं. टाकी ९६७ ला आली तरी पेटीत ६४०, झाकण आत खोलगट. स्क्रू सैल करताच पेटीनं श्वास घेतला आणि कडेवरची धूळ आत ओढली. डोंगरावर रोज दिवसा तापून रात्री गार होताना हेच होतं, फक्त धुळीऐवजी ओल आत जाते. घट्ट पेटीत पाणी कुठून आलं याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं.

उपाय एम१२ आट्याचा ब्रीदर व्हेंट, आत पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) पडदा असलेला: हवा जाते, पाणी नाही. एक लावला तर सेकंदाला १० मीटरच्या चढाला आत-बाहेर ६० हेक्टोपास्कलचा फरक राहतो. दुसरा लावल्यावर ३०. रस्त्यानं जाणाऱ्या गाडीचा चढ याच्या कितीतरी कमी, तिथे एकही पुरेल, पण एकावर बर्फ बसला तर दुसरा असावा. दोन्ही खालच्या बाजूला.

३० मे

लॉगरची पाउच बॅटरी, म्हणजे मऊ पाकिटातली लिथियम बॅटरी. दोन घेतल्या, एक नवी, एक वर्षभर वापरलेली. व्हर्नियरनं मधोमध जाडी मोजली आणि टाकीत डायल इंडिकेटर लावून पाहिली. नवी ९.० मिमी, ५०५ लाही ९.०. जुनी ९.२ वरून १२.८. जुन्या सेलमध्ये थोडा वायू साठलेला असतो, बाहेरचा दाब अर्धा झाला की तो दुप्पट जागा मागतो. लॉगरच्या खाचेत वर जेमतेम एक मिमी मोकळीक होती, म्हणजे सेलनं बोर्ड उचलला असता. नवी बॅटरी टाकून भागणार नाही, ती वर्षभरानं जुनीच होणार. धातूच्या डब्यातला १८६५० सेल बसवला, खाच बदलावी लागली.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, रिले, डिस्प्ले: काहीही झालं नाही. लॉगरमधली हार्ड डिस्क मात्र न तपासताच काढली. हेड हवेच्या थरावर तरंगतं आणि अशा डिस्क साधारण ३००० मीटरपर्यंतच्याच असतात. मेमरी कार्ड टाकलं.

२ जून

इन्सुलेशन. हवा पातळ झाली की ठिणगी लवकर पडते. आयईसी ६०६६४-१ या इन्सुलेशनच्या आंतरराष्ट्रीय मानकात २००० मीटरच्या वर हवेतलं अंतर वाढवायचे गुणक आहेत: ३००० ला १.१४, ४००० ला १.२९, ५००० ला १.४८, ६००० ला १.७०. कागदावर इन्व्हर्टरचा बोर्ड यात बसत होता.

२३० व्होल्टवर ५०५ ला काहीच झालं नाही, व्हायलाही नको होतं. दोष सर्जच्या वेळी, म्हणजे व्होल्टेज क्षणभर उसळतं तेव्हा दिसतो, म्हणून १५०० व्होल्ट एसीची हाय-पॉट (इन्सुलेशनवर जास्त व्होल्टेज देऊन पाहायची) चाचणी घेतली. ९६७ ला एक मिनिट पास. ५०५ ला चार सेकंदांत टक् असा आवाज आणि ट्रिप. शेडचे दिवे मालवून पुन्हा पाहिलं: उजवीकडच्या मागच्या स्क्रूजवळ निळसर ठिणगी. स्क्रूखालचा वॉशर मोठा होता, त्याची कड २३० व्होल्टच्या पट्टीपासून फक्त ०.६ मिमीवर. ड्रॉइंगमध्ये तिथे २.५ मिमी आहेत. ड्रॉइंगमध्ये वॉशर काढलेलाच नव्हता.

नायलॉनचा लहान वॉशर आणि स्पेसर, पट्टीवर उभं राहिलेलं सोल्डरचं टोक कापलं, पुन्हा ५०५ ला एक मिनिट पास. तीन बोर्डांवर तेच. ही चाचणी करताना टाकीला अर्थिंग पक्कं हवं, कारण ती लोखंडी आहे आणि हात तिच्यावरच जातो. आणि ५०५ च्या खूप खाली नेऊन हाय-पॉट करू नका, तिथे चांगला बोर्डही ठिणगी देतो आणि त्यावरून काही कळत नाही.

५ जून

सबंध पेटी, ११० वॅट, ५०५ ला चोवीस तास. पंप नऊ वेळा लागला. मध्ये वीज दोनदा गेली. टाकी बंद राहिली, पण पेटीचा भार यूपीएसवर नव्हता म्हणून तास पुन्हा मोजावे लागले, प्रत्यक्षात एकतीस.

एक गोष्ट अनपेक्षित. कीपॅडवर प्लास्टिकच्या पातळ थराखाली बटणांचे घुमट असतात, प्रत्येकात हवा अडकलेली. ५०५ ला ते भजीसारखे टम्म फुगले. ‘ओके’चं बटण दाबायला दुप्पट जोर लागेल असं वाटत होतं. टाकीबाहेरून दाबता येईना, म्हणून सोलेनॉइडचा दांडा आत बांधून पाहिलं. ९६७ ला दहापैकी दहा दाब नोंदले गेले, ५०५ ला दहापैकी तीन. कीपॅडच्या मागच्या थराला १ मिमीची चर पाडून ती पेटीच्या आत उघडली, पुढचा थर अखंड ठेवला. आता दहापैकी दहा. दुसऱ्या कंपनीच्या कीपॅडला अशी चर आधीच असते, ती नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, उजेडासमोर धरून पाहा.

६ जून, हिशेब

पाइप आणि प्लेट भंगार भावानं १९००. वेल्डिंग, फेसिंग २६००. १२ मिमी झाकण १७०० (वाया). २५ मिमी झाकण ४६००. गॅस्केट ६५०. पंप ५८००. डायल गेज ३५० (वाया). नीडल वॉल्व्ह, निपल, नळ्या १४५०. प्युरिफायरचा वॉल्व्ह २८० (वाया). दोन सोलेनॉइड ३६००. सेन्सर, ईएसपी३२, कॉन्टॅक्टर, अॅडाप्टर १६००. एपॉक्सी, खडू, डिझेल, फिल्टर ५००. एकूण २५,०३० रुपये. हाय-पॉट टेस्टर उसना.

चाळीस दिवसांपैकी तेवीस टाकीतच गेले. पुन्हा करायचं झालं तर वायरींचे निपल पहिल्या दिवशी भरून वाळत ठेवू, २५ मिमीचं झाकण थेट घेऊ, आणि पंपाआधी वॉल्व्ह विकत घेऊ.

थंडीची चाचणी यात नाही. पेटी डीप फ्रीझरमध्ये उणे १८ ला वेगळी चालवली आहे, पण थंडी आणि कमी दाब एकत्र नाही. टाकी रिकामी चाळीस किलोच्या आसपास आहे, फ्रीझरमध्ये मावते, पण सिलिकॉन गॅस्केट तिथे किती धरतं आणि पंपाची नळी दारातून कशी काढायची हे ठरायचं आहे. आधी रिकामी टाकी फ्रीझरमध्ये ठेवून ९६७ आणि ५०५ ला गळती मोजायची, मग पेटी.